मु. पो. ता. जि. आणि परदेशातील गिऱ्हाईक

मु. पो. ता. जि. या चार संक्षेपांच्या आधाराने आपल्या जिल्ह्यातील पत्रे आजवर घरोघर पोचत आली आहेत. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. शाळेत पत्रलेखन शिकविताना गुरुजींनी फळ्यावर प्रथम लिहून दिले ते हेच, आणि त्यात ना रस्त्याचे नाव होते ना घराचा क्रमांक. मुक्काम एक आणि पोस्ट दुसरे असू शकते, हे खेड्यातील मुलाला शहरातील मुलापेक्षा लवकर कळते. कारण त्याच्या गावी पोस्ट नसते, ते शेजारच्या मोठ्या गावी असते.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र कागदी पाकीट नव्हे. संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावर जो पत्त्याचा व दूरध्वनी क्रमांकाचा अर्ज आपण भरतो, तो परदेशात राहणाऱ्या गिऱ्हाइकासाठी कसा असावा, हा होय. कला शाखेच्या विद्यार्थ्याने या भानगडीत कशाला पडावे, असे आमच्या एका प्राध्यापकांनी विचारलेच. त्याचे उत्तर असे की, या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आहे. दोष संगणकाला दिला होता. पण ती चूक भूगोलाची होती, आणि भूगोल हा माझा विषय आहे.

आमच्या आळीत दहाबारा स्त्रियांचा एक बचतगट आहे. दिवाळीच्या आधी महिनाभर त्या चिवडा, शेव, चकल्या, अनारसे, करंज्या करून विकतात. प्रथम सारे गिऱ्हाईक गावातलेच होते. पुढे ज्यांची मुलेबाळे परदेशी स्थायिक झाली आहेत अशा घरांतून 'आमच्या पोरीला तिकडे पाठवाल का?' अशी विचारणा होऊ लागली. पुण्यामुंबईहून असा फराळ परदेशी जाणे आता नवलाचे राहिलेले नाही. तीन वर्षांपूर्वी गटाने ठरविले की, परदेशातील मंडळींनी आपली मागणी परस्पर ऑनलाईन नोंदवावी. 'तू कॉम्प्युटर शिकलास ना? मग तूच कर,' असे अध्यक्ष असलेल्या काकूंनी मला फर्मावले. मी दोन रात्री जागून, एका तयार नमुन्यावरून उतरवून, अर्ज तयार केला.

त्यात घर क्रमांक, रस्ता, गाव, जिल्हा असे रकाने होते. राज्याच्या रकान्यात भारतातील राज्यांची यादी होती व तिच्यातून एक निवडणे भाग होते. पिन कोड सहा आकडीच हवा, मोबाईल दहा आकडीच हवा आणि तो ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू व्हायला हवा, अशी तपासणी होती. मोबाईलच्या रकान्याआधी +९१ मी कायमचे छापून ठेवले होते. परदेशी गिऱ्हाईक लक्षात घेऊन शेवटी 'देश' असा एक रकाना वाढविला आणि अर्ज आंतरराष्ट्रीय झाला अशी माझी समजूत झाली. प्रत्येक रकान्याजवळ लाल फुली होती. एकही रिकामा ठेवून पुढे जाता येत नव्हते.

पहिली मागणी आली ती अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या एडिसन गावाहून. तेथे भारतीय वस्ती मोठी आहे. मागणी करणाऱ्या ताईंच्या भागाचा झिप कोड ०८८२०. तो पाच आकडी. माझ्या अर्जाला सहा हवेत. तेव्हा त्यांनी शेवटी आणखी एक शून्य जोडून ०८८२०० केले. अर्जातून ही संख्या ज्या तक्त्यात उतरली, त्या तक्त्याने ती हिशेबाची रक्कम समजून पुढचे शून्य गाळले. कारण शंभर रुपये लिहिताना आपण ०१०० लिहीत नाही. उरले ८८२००. आता ८८२ ने सुरू होणारे कोड न्यू मेक्सिको राज्यातले आहेत, म्हणजे अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाकडचे. राज्याच्या यादीत न्यू जर्सी नव्हतेच, म्हणून ताईंनी महाराष्ट्र निवडले होते. पार्सल आधी भलतीकडे भटकले. त्यावर छापलेला फोन लागेना. कारण त्यांचा दहा आकडी क्रमांक ७३२ ने सुरू होणारा, म्हणजे माझ्या तपासणीच्या दृष्टीने चांगला भारतीय मोबाईल, आणि त्याआधी माझे +९१ चिकटलेले. सुमारे दीड महिन्याने पार्सल परत आले. अनाऱशांचे काय झाले असेल ते सांगायला नको. पाठवणावळीचा खर्च मालापेक्षा अधिक होता आणि तो गटाने सोसला. काकू मला रागावल्या नाहीत. 'बाबा रे, पत्ता तर त्या बाईनं बरोबर सांगितला असंल ना?' एवढेच त्या म्हणाल्या. पत्ता त्यांनी बरोबर सांगितला असता; पण मी तो सांगू दिला नाही.

बाकीच्या मागण्या मग मी एकेक करून पाहिल्या. दुबईची एक मागणी होती. संयुक्त अरब अमिरातीत पोस्टकोड नाहीतच. तेथे टपाल परंपरेने पोस्टपेटीच्या क्रमांकावर येते आणि माणूस घर शोधतो तो इमारतीच्या नावावरून. अर्ज सहा आकडे मागतो म्हणून त्या बाईंनी आपल्या माहेरचा, पुसदचा, ४४५२०४ हा पिन घालून दिला होता. पोस्टातील बाबूंनी पाकिटावरून नजर फिरविली आणि 'हा तर आपलाच पिन आहे, दुबईला कुठून गेला?' असे विचारले म्हणून ते पार्सल वाचले. डब्लिनमधील एका गृहस्थांनी राज्य म्हणून केरळ निवडले होते. मागाहून फोनवर हसत म्हणाले की, यादीत आयर्लंडइतके हिरवे तेच वाटले! सिंगापूरची मागणी मात्र माझ्या अर्जाच्या दृष्टीने सर्वांत निर्दोष होती. तेथील पोस्टकोड आपल्यासारखाच सहा आकडी. तेथील फोन आठ आकडी. पण त्याआधी देशाचा ६५ हा क्रमांक लिहिला की दहा आकडे होतात आणि तेही ६ ने सुरू होतात. माझ्या तपासणीने त्याला बिनतक्रार भारतीय मोबाईल ठरविले. ते पार्सल पोचले ते सिंगापुरात बहुतेक प्रत्येक इमारतीला स्वतःचा पोस्टकोड असतो म्हणून. त्यात माझे कर्तृत्व काही नव्हते.

या सर्व प्रकारात एक गोष्ट ध्यानात येते. चारही गिऱ्हाइके मराठी, सुशिक्षित, आणि आपला पत्ता बिनचूक जाणणारी होती. तरी चौघांनाही खोटे लिहावे लागले, कारण माझा अर्ज त्यांना सोडीना.

येथे आपल्या पिन कोडविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. ही पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होत. ते केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयात वरिष्ठ अधिकारी होते व त्याचबरोबर संस्कृतचे नामांकित कवी. छंदाच्या मात्रा मोजणाऱ्या माणसाने देशाचे टपाल सहा अंकांत बसवावे, यात मला एक प्रकारची संगती दिसते; अर्थात हे माझे मत. त्यांच्यापुढील अडचण आपल्या जिल्ह्यावरूनच समजते. आपले एक कळंब आहे, चिंतामणीचे. दुसरे धाराशिव जिल्ह्यात आहे. आपली वणी आहे आणि सप्तशृंगीच्या वाटेवरची नाशिक जिल्ह्यातील वणीही आहे. नेर आपल्याकडे आहे तसे धुळे जिल्ह्यातही आहे. तालुक्याचे नाव केळापूर. पण त्याचे मुख्य ठिकाण पांढरकवडा, आणि बाहेरच्याला हे दोन वेगळे प्रदेश वाटतात. खुद्द यवतमाळचे स्पेलिंग इंग्रजी आमदानीत वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल असे होते. त्यात पत्रे लिहिली जाणार तमिळ, बंगाली, उर्दू, गुजराती अशा नाना लिप्यांत. छाटणी करणाऱ्या कर्मचाऱ्याला त्या सर्व लिप्या कशा यायच्या?

सहा अंकांनी हा गुंता सोडविला. पहिला अंक विभागाचा. देशाचे आठ भौगोलिक विभाग पाडले व नववा सैन्याच्या टपालासाठी ठेवला. ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांचा. पहिले तीन अंक मिळून छाटणीचा जिल्हा ठरतो: ४४५ म्हणजे यवतमाळ. शेवटचे तीन अंक त्या त्या पोस्ट कचेरीचे. म्हणून आपले कळंब ४४५४०१ आणि धाराशिवचे ४१३५०७. आपली वणी ४४५३०४ आणि नाशिकची ४२२२१५. पत्त्यातील गावाचे नाव पावसात पुसले तरी पत्र योग्य कचेरीपर्यंत येते.

पण ही योजना भारताच्या गरजेतून भारतासाठी झाली, हे आपण विसरतो. अमेरिकेने १९६३ साली पाच आकडी झिप कोड आणला आणि १९८३ मध्ये त्यास आणखी चार आकडे जोडण्याची सोय केली. तिकडे ईशान्येकडील राज्यांचे कोड शून्याने सुरू होतात, तर आपला पिन शून्याने कधीच सुरू होत नाही. म्हणून आपल्याकडे अर्ज करणाऱ्याला शून्य गळण्याचे भय ठाऊकच नसते. जर्मनीत पाच आकडे आहेत आणि तेथेही ड्रेस्डेनचे कोड शून्याने सुरू होतात. ब्रिटनमध्ये अक्षरे व अंक यांची मिसळ: पंतप्रधानांच्या १०, डाउनिंग स्ट्रीटचा कोड एसडब्ल्यू१ए २एए असा आहे. कॅनडात अक्षर आणि अंक एकाआड एक. आयर्लंडने तर २०१५ पर्यंत देशभराचा पोस्टकोड केलाच नव्हता, आणि हाँगकाँगमध्ये तो आजही नाही. तिथली पत्रे काही हरवत नाहीत.

कोड सोडून पत्त्याच्या रचनेकडे पाहावे तर आणखी मौज आहे. आपण घर, आळी, गाव, तालुका, जिल्हा असे लहानाकडून मोठ्याकडे जातो. जपानी माणूस आपल्या भाषेत लिहिताना उलट चालतो: आधी प्रांत, मग शहर, मग पेठ, मग घरांच्या गटाचा क्रमांक, मग घर, आणि सरतेशेवटी नाव. तेथे बहुतेक रस्त्यांना नावे नसतात. क्रमांक रस्त्याला धरून नसतात, रस्त्यांनी वेढलेल्या घरांच्या गटाला असतात. जर्मनीत रस्ता आधी व घराचा क्रमांक नंतर. सिंगापूर हे शहरही आहे आणि देशही, तेव्हा तेथील माणसाने राज्य काय लिहावे?

मग टपालखाते एवढ्या विविध पत्त्यांतून मार्ग कसा काढते? याचे उत्तर मला आमच्या पोस्टातच मिळाले. बाबू पत्ता खालून वर वाचतात. परदेशी पाकिटावर त्यांचे काम शेवटच्या ओळीचे: देशाचे नाव. एकदा ते कळले की थैली ठरली. बाकीच्या ओळी त्यांनी वाचण्याची गरजच नसते. त्या वाचायच्या आहेत डब्लिनच्या किंवा दुबईच्या माणसाने, आणि त्याला त्या कशाही क्रमाने आल्या तरी समजतात, कारण तो त्या गावचा असतो. १८७४ साली बर्न येथे जागतिक टपाल संघ स्थापन झाला व १८७६ मध्ये भारत त्याचा सभासद झाला. तेव्हापासून देशादेशांतील टपाल याच विश्वासावर चालते. देशाचे नाव शेवटच्या ओळीत, मोठ्या ठळक अक्षरांत, पाठविणाऱ्या देशाला वाचता येईल असे लिहावे, ही त्या संघाची शिफारस आहे. शेवटची ओळ आपल्यासाठी, वरच्या ओळी त्यांच्यासाठी. मी नेमके उलट केले होते: वरच्या ओळी माझ्या समजुतीप्रमाणे तोडून मागितल्या आणि देशाचा रकाना शेपटासारखा मागे जोडला.

दूरध्वनीची कथा थोडी निराळी आहे, कारण तेथे जगभराचा एक नियम खरोखरच आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ठरविल्याप्रमाणे देशाचा क्रमांक धरून एकूण आकडे १५ पेक्षा अधिक नसावेत. देशाचा क्रमांक एक ते तीन आकडी: अमेरिका व कॅनडाचा १, ब्रिटनचा ४४, आपला ९१, अमिरातीचा ९७१. पण १५ ही फक्त कमाल मर्यादा. तिच्या आत कोणाचे आठ, कोणाचे नऊ, कोणाचे दहा.

गोंधळ होतो तो शून्याचा. यवतमाळचा एस. टी. डी. क्रमांक ०७२३२. यातील शून्य हा क्रमांकाचा भाग नव्हे. 'मला गावाबाहेर बोलायचे आहे' असा तो एक्स्चेंजला दिलेला इशारा होय. १९६० साली कानपूर-लखनौ दरम्यान देशातील पहिली थेट ट्रंक सेवा सुरू झाली तेव्हापासून हा इशारा आपल्या बोटांत बसला आहे. परदेशातून यवतमाळला फोन करताना +९१ नंतर सरळ ७२३२ येते. ब्रिटनमध्येही असेच शून्य गाळतात. मात्र इटलीत ते ठेवावेच लागते. रोमचा क्रमांक +३९ ०६ असाच लिहितात. म्हणजे 'पुढचे शून्य काढून टाका' असा हुकूम संगणकाला देऊन ठेवणेही धोक्याचेच. बेरजेचे चिन्हही निरर्थक नाही: आपल्या देशातून परदेशी फोन करताना आधी ०० फिरवावे लागते, अमेरिकेतून ०११. ज्याने त्याने आपापल्या देशाचे आकडे घालावेत म्हणून + हे सर्वांचे सामाईक चिन्ह. आणखी एक बारीक गोष्ट. लोक फोन नंबर मध्ये जागा सोडून, आडव्या रेघा देऊन, कंस घालून लिहितात. ती त्यांची वाचण्याची सोय आहे. संगणकाला त्या खुणा गाळता येतात. मग 'फक्त आकडे लिहा' म्हणून लाल अक्षरांत माणसावर ओरडायचे कारण काय?

आता थोडे आपल्या बाजूने पाहू. परदेशातील विद्यापीठांचे व शिष्यवृत्त्यांचे अर्ज आता आपल्याकडील मुलेही भरू लागली आहेत. माझा एक वर्गमित्र झरी जामणी तालुक्यातील एका कोलाम पोडावरचा आहे. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. पंधरावीस घरे, सारी एकमेकांची नात्यातली. तेथे रस्त्याला नाव द्यावे असे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. परदेशातील एका संस्थेच्या अर्जाने त्याला रस्ता आणि घर क्रमांक सक्तीने विचारला. त्याने इंग्रजीत 'नो स्ट्रीट' लिहिले. अर्ज पुढे सरकला, आणि काही आठवड्यांनी त्या संस्थेचे पाकीट आले ते 'नो स्ट्रीट' याच पत्त्यावर. जणू त्या पोडावर त्या नावाचा एखादा रस्ताच होता. पोचले ते खाली पोस्टाचे नाव व पिन होता म्हणून. आम्ही सगळे त्या पाकिटावर खूप हसलो. पण त्या अर्जात आणि मी केलेल्या अर्जात फरक कोणता? त्यांनी पोडावर रस्ता मागितला, मी दुबईत पिन मागितला.

नावांचेही असेच आहे, तो खरे तर स्वतंत्र लेखाचा विषय. आपण स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव असे तिहेरी लिहितो. पैनगंगेपलीकडे तेलुगू मंडळी घराण्याचे नाव आधी लावतात. तमिळनाडूत पुष्कळांना आडनाव नसते, वडिलांच्या नावाचे आद्याक्षर असते. फराळ पाठवायला नाव हवे ते पाकिटावर लिहिण्यापुरते; तेव्हा 'पूर्ण नाव' असा एकच लांब रकाना पुरेसा आहे. असो.

दुसऱ्या वर्षी मी अर्ज नव्याने केला. देश सर्वांत आधी विचारला, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून. देश भारत असेल तरच राज्यांची यादी आणि सहा आकड्यांची तपासणी येते. अमेरिका असेल तर त्यांच्या राज्यांची यादी व पाच किंवा नऊ आकडे. ज्या देशाविषयी मला खात्रीने माहीत नाही, तेथे चार मोकळ्या ओळी दिल्या आणि 'आपल्याकडे पत्र ज्या पत्त्याने येते तसाच लिहावा' एवढेच सुचविले. पोस्टकोडपुढे 'असल्यास' हा शब्द घातला. या एका शब्दाने दुबईचा प्रश्न मिटला. कोड व फोन हे दोन्ही रकाने संख्या म्हणून न साठविता मजकूर म्हणून साठविले. त्यांची बेरीज-वजाबाकी कोणी करणार नाही, मग त्यांना संख्या का म्हणावे? तसे केल्यावर पुढचे शून्य जागेवर राहते. फोनसाठी देश निवडताच त्याचा क्रमांक आपोआप येतो, पण तो बदलता येतो. कारण डब्लिनला राहणाऱ्या माणसाकडे कधी कधी लंडनचा मोबाईल असतो. फोन कशासाठी हवा तेही शेजारी लिहिले: 'पार्सल पोचविणाऱ्याला घर सापडले नाही तरच वापरला जाईल.' पूर्वी काही जणांनी दहा वेळा ९ लिहून ठेवले होते. कारण कळल्यावर तसे कोणी केले नाही.

आमच्या संगणकाच्या सरांनी यावर एक आक्षेप घेतला आणि तो बिनतोड आहे. मोकळ्या ओळी दिल्या तर लोक चुका करतील, इमारतीचे नाव विसरतील, गाव गाळतील. मग तपासणार कोण? हे खरे आहे. तपासणी अजिबात नको असे माझे म्हणणे नाही. अमेरिकेच्या झिपमध्ये चारच आकडे आले तर अर्जाने 'एक आकडा राहिला का?' असे जरूर विचारावे. पण विचारावे, अडवू नये. गिऱ्हाईक 'नाही, बरोबर आहे' म्हणाले तर त्याचे ऐकावे आणि मागणी पुढे जाऊ द्यावी, फारतर आपल्यासाठी खूण करून ठेवावी म्हणजे पार्सल बांधण्यापूर्वी एक फोन करता येतो. शिवाय सरांच्याच सूचनेवरून शेवटी एक पायरी वाढविली: पार्सलावर पत्ता जसा छापला जाईल तसा हुबेहूब पडद्यावर दाखवायचा आणि 'असेच लिहू ना?' म्हणून विचारायचे. माझ्या सर्व तपासण्यांनी मिळून जेवढ्या चुका पकडल्या नसतील, तेवढ्या या एका पायरीने पकडल्या. आपला पत्ता चुकलेला माणसाला लगेच दिसतो, तोच पत्ता आठ तुकड्यांत विखुरला की दिसत नाही.

भारतीय डाक विभागाने २०२५ मध्ये डिजिपिन नावाची नवी योजना जाहीर केली आहे. देशाच्या नकाशावर सुमारे ४ मीटर लांब-रुंद चौकोन आखून प्रत्येकाला दहा अक्षर-अंकांचा संकेत दिला आहे. म्हणजे पोडावरील झोपडीलाही आता स्वतःचा, दुसऱ्या कोणाचा नसलेला संकेत आहे. माझ्या मित्राने मोबाईलवर आपल्या घराचा संकेत काढूनही पाहिला. परदेशी अर्जात तो कोणत्या रकान्यात लिहावा हा प्रश्न मात्र त्याच्यापुढे उभाच आहे. सध्या त्याने तो 'नो स्ट्रीट'च्या जागी लिहायचे ठरविले आहे.

गेल्या दिवाळीत गटाकडे जपानहून पहिली मागणी आली. ओसाकाजवळ नोकरीला असलेला आपल्याच जिल्ह्यातील एक मुलगा. त्याने चार मोकळ्या ओळींत प्रांतापासून सुरुवात करून अंकांच्या तीन जोड्या लिहिल्या होत्या, रस्ता नव्हता, आणि शेजारी तोच पत्ता जपानी लिपीतही दिला होता. मी दोन्ही तसेच छापले. काकूंना काळजी वाटली. त्या स्वतः माझ्याबरोबर पोस्टात आल्या. बाबूंनी पाकीट हातात घेतले, वरच्या ओळींकडे क्षणभर पाहिले आणि म्हणाले, 'यातलं गाव कोणतं हो?' काकूंनी माझ्याकडे पाहिले. मला सांगता आले नाही. बाबूंनी मग बोट खाली नेले, शेवटच्या ओळीवर 'जपान' वाचले, वजन केले आणि शिक्का मारला. बाराव्या दिवशी त्या मुलाचा फोन आला. चकल्या थोड्या मोडल्या होत्या.